स्लोला बंद पडणारी जुनी मोटारसायकल : स्क्रू पिळण्याआधी काय बघायचं?

(बचत गटांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषण)

आजचा विषय आहे आपली जुनी मोटारसायकल आणि तिचा कार्बोरेटर.

तुम्ही म्हणाल, हे तर गॅरेजवाल्याचं काम, आपल्याला कशाला? पण जरा आजूबाजूला बघा. घरात नवी गाडी आली की जुनी गाडी बऱ्याचदा बाईच्या हाती येते. उमेद अभियानातल्या पशुसखी, कृषी सखी, बँक सखी अशा गाड्यांवरून वाड्यावस्त्या फिरतात. कुणी दुधाच्या किटल्या डेअरीला घालते, कुणी माळवं घेऊन आठवडी बाजार गाठते. संकलनाची वेळ टळली की दूध माघारी येतं. कोंबड्यांच्या लसीचा डबा भर उन्हात रस्त्यात अडकला की लस वाया जाते. आणि चढावर, मागे ओझं असताना, गाडी अचानक बंद पडली तर पडायचीच भीती.

अशा गाडीची एक तक्रार ठरलेली असते. पळताना झकास पळते, पण मूठ सोडली की भुरभुर करते आणि बंद पडते. म्हणजे स्लोला थांबत नाही. गॅरेजात नेली की बहुतेक वेळा एक स्क्रू थोडा पिळला जातो, आवाज वाढतो, आणि गाडी घरी येते. आठ दिवसांनी परत तेच.

मैत्रिणींनो, आज एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवा. स्लो वाढवणं हा इलाज नाही. ताप आलेल्या पोराला नुसतं पांघरूण घालण्यासारखं आहे ते. पेट्रोल नीट येत नाही, की हवा नीट जात नाही, की ठिणगी नीट पडत नाही, हे आधी शोधायचं. स्क्रू सगळ्यात शेवटी. वाढवलेल्या स्लोमुळे उभ्या गाडीत पेट्रोल जळत राहतं, पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज येतो, आणि मूठ सोडली तरी गाडी पुढे रेटते. नव्याने शिकणाऱ्या बाईला तर हे फार घातक.

कार्बोरेटर करतो तरी काय?

इंजिनाला पेट्रोल नुसतं पाजून चालत नाही, ते हवेत मिसळून द्यावं लागतं. साधारण १५ ग्रॅम हवेला १ ग्रॅम पेट्रोल, असं ते प्रमाण. चुलीचंच बघा ना. लाकूड जास्त आणि वारा कमी झाला तर काळा धूर होतो. लाकूड कमी आणि वारा जास्त झाला तर जाळ विझतो. इंजिनातही हेच होतं.

कार्बोरेटरच्या तळाशी एक वाटी असते. टाकीतलं पेट्रोल आधी या वाटीत येतं. घरावरच्या पाण्याच्या टाकीत जसा बॉल कॉक असतो, तसा या वाटीत फ्लोट असतो. वाटी भरली की फ्लोट वर उचलला जातो आणि एक बारीक पिन पेट्रोलची वाट बंद करते. वाटीतून वर पेट्रोल ओढून घेणारी पितळेची दोन छिद्रं असतात, त्यांना जेट म्हणतात. गाडी पळताना मोठा जेट काम करतो, मूठ सोडल्यावर छोटा. या छोट्या जेटला स्लो जेट म्हणतात. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. टाकीतल्या गंजाचा एखादा कण तिथे बसला की झालं. मोठा जेट मोकळा म्हणून गाडी पळते, आणि छोटा बुजला म्हणून स्लोला मरते. तुमच्या गाडीचं कोडं बहुतेक इथेच असतं.

हे सगळं जुन्या गाड्यांना लागू आहे. सीडी १०० ही गाडी १९८५ साली आली, स्प्लेंडर १९९४ साली, आणि पुढे कितीतरी वर्षं आपल्याकडच्या मोटारसायकली कार्बोरेटरवरच चालल्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ नियम लागू झाला आणि बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी संगणकावर चालणारं इंजेक्शन आलं. तुमची गाडी इंजेक्शनची असेल तर तिचा इलाज वेगळा, तिथे पिळायला हे स्क्रू नसतात.

आधी गाडीचं ऐका

गाडी काय दुखतंय ते सांगत असते. पाच खुणा सांगते, त्या वहीत लिहून घ्या.

पहिली. इंजिन चांगलं तापलं तरी चोक ओढल्याशिवाय गाडी थांबत नाही, चोक सोडला की बंद. याचा अर्थ पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जास्तीची हवा शिरतेय. स्लो जेट बुजलेला असेल किंवा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला जोड ढिला असेल.

दुसरी. सायलेन्सरमधून काळा धूर, पेट्रोलचा वास, आणि गाडी पेट्रोल जास्त खाते. म्हणजे हवा कमी पडतेय. एअर फिल्टर धुळीने भरलाय, नाहीतर चोक पूर्ण मागे जात नाही.

तिसरी. कार्बोरेटरखालच्या बारीक नळीतून पेट्रोल टपकतं. गॅरेजवाले म्हणतात, गाडी ओव्हर होते. फ्लोटच्या पिनमध्ये कचरा अडकलाय किंवा पिन झिजलीये. ही तक्रार उद्यावर टाकू नका. तापलेल्या इंजिनाजवळ पेट्रोल सांडतंय, आग लागू शकते.

चौथी. मूठ सोडली तरी रेस खाली बसत नाही, किंवा हँडल एका बाजूला वळवलं की आवाज आपोआप वाढतो. रेसची केबल आधी बघा. ती सुकलेली, ताणलेली किंवा कुठेतरी दाबली गेलेली असते. केबल ठीक असेल तर मग जोडातून हवा शिरतेय का हे बघायचं.

पाचवी. गाडी दोन-तीन किलोमीटर नीट चालते, मग गुदमरून बंद पडते. थोडं थांबलं की परत चालू. अशा वेळी टाकीचं झाकण उघडून बघा. उघडताना हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला आणि गाडी लगेच नीट चालली, तर झाकणातलं श्वासाचं भोक बुजलंय. टाकीत हवा शिरत नाही, म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. पालथ्या डब्यातलं तेल वर भोक पाडल्याशिवाय नीट पडत नाही, तसंच हे. ते भोक साफ केलं की काम झालं.

घरच्या घरी करायची तपासणी

आता हात लावूया. पण त्याआधी चार नियम. काम उघड्यावर करायचं. गोठ्यात किंवा बंद खोलीत इंजिन चालू ठेवायचं नाही, त्या धुराला फारसा वास नसला तरी तो माणसाचा जीव घेऊ शकतो. जवळ चूल, बिडी, उदबत्ती काही नको. पदर, ओढणी, वेणी नीट खोचून घ्यायची, आणि सायलेन्सर थंड होऊ द्यायचा. काढलेलं पेट्रोल पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नका. तहानलेलं लेकरू ते पाणी समजून पिऊ शकतं. नळी तोंडाने ओढायची नाही, हेही त्यातच आलं.

पहिलं काम कॉकचं. तो चालूवर आहे की रिझर्व्हवर? टाकीत पेट्रोल किती? हसू नका, निम्म्या वेळा दोष इथेच सापडतो. मग कॉक बंद करून कार्बोरेटरकडची नळी काढा, ती काचेच्या बरणीत धरा आणि कॉक क्षणभर उघडा. पेट्रोलची सलग धार पडायला हवी. थेंब थेंब पडत असेल तर कॉकमधली जाळी कचऱ्याने भरलीये.

दुसरं काम वाटी रिकामी करायचं. कॉक बंद करा. वाटीच्या तळाशी एक छोटा स्क्रू असतो, त्याखाली बरणी धरून तो सैल करा. आलेलं पेट्रोल पाच मिनिटं स्थिर राहू द्या आणि उजेडात बघा. तळाशी पाण्याचा वेगळा गोळा दिसतो का? लालसर गंज बसलाय का? आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांतही ते तयार होतं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, आणि पाणी जास्त झालं की ते खाली बसतं. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीत हे हमखास होतं. पाणी निघालं की पुष्कळदा गाडी लगेच सुधारते. इथेनॉलमुळे जुन्या गाड्यांचे रबरी भागही लवकर फुगतात किंवा चिरतात, म्हणून पेट्रोलची नळी वाकवून तिला चिरा पडल्यात का तेही बघून घ्या.

तिसरं काम एअर फिल्टर. तो फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात हलकेच दाबून धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, इंजिन ऑइलचे थोडे थेंब लावून पिळून बसवा. कागदी असेल तर धुवायचा नाही, नुसता आपटून धूळ झाडायची. फाटला असेल तर बदलायचा. ऊसतोडीच्या दिवसांत, खडीच्या रस्त्यावर किंवा मळणीच्या हंगामात फिल्टर फार लवकर भरतो. फिल्टर काढून गाडी पळवायची नाही. ती धूळ इंजिनात जाते आणि इंजिन खाते.

चौथं काम प्लग. इंजिन थंड असताना टोपी धरून काढा, वायर ओढू नका. प्लगच्या पान्याने प्लग उघडा आणि टोकाचा रंग बघा. चहासारखा तपकिरी असेल तर प्रमाण बरोबर. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढरा फटक असेल तर पेट्रोल कमी. पेट्रोलने ओला असेल तर गाडी ओव्हर झालीये किंवा ठिणगी पडत नाही. तेलकट काळा असेल तर इंजिन ऑइल जळतंय, आणि तो रोग कार्बोरेटरचा नाही. प्लग परत बसवताना आधी हातानेच आटे धरून फिरवा आणि शेवटी पान्याने बेताचा घट्ट करा. आटे चुकले तर मोठा खर्च अंगावर येतो.

पाचवं काम चोक आणि केबल. चोकची कांडी पूर्ण मागे जाते का बघा. रेसची मूठ सोडली की ती आपोआप परत यायला हवी, आणि फिरवताना सुरुवातीला दोन ते सहा मिलिमीटर मोकळी फिरायला हवी. ही मोकळीक नसेल तर स्लो कधीच नीट बसणार नाही.

मग स्क्रूकडे

वरचं सगळं ठीक असेल तरच स्क्रूला हात. कार्बोरेटरला बाहेरून दोन स्क्रू असतात. एक स्लोचा, तो पिळला की आवाज सरळ वाढतो किंवा कमी होतो. दुसरा हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा, म्हणजे मिक्श्चरचा. कोणता कुठला हे गॅरेजवाल्याकडून एकदा समजून घ्या आणि आजच्या जागेवर नेलपॉलिशची एक रेघ मारून ठेवा. काही बिघडलं तर परत येण्याची वाट तरी राहील.

गाडी आधी दहा मिनिटं चालवून तापवा. थंड इंजिनावर केलेली सेटिंग टिकत नाही. मिक्श्चरचा स्क्रू पाव फेरा एका बाजूला फिरवा, थांबा, ऐका. मग दुसऱ्या बाजूला. जिथे आवाज सगळ्यात चढा आणि सलग येतो तिथे थांबा. आता स्लोच्या स्क्रूने आवाज खाली आणा. पुन्हा एकदा मिक्श्चर, पुन्हा एकदा स्लो. कुठलाही स्क्रू आतल्या बाजूला जोरात आवळायचा नाही, टोक आणि त्याची बैठक खराब होते.

स्प्लेंडरसारख्या १०० सीसीच्या गाडीचा स्लो मिनिटाला साधारण १४०० फेरे असतो. तो दाखवणारा काटा या गाड्यांना नसतो, म्हणून कानावरच काम. गाडी शांत, एकसुरी चालावी. मूठ फिरवून एकदम सोडली तरी बंद पडू नये. हँडल दोन्हीकडे वळवून बघा, आवाज बदलता कामा नये.

आणि सगळ्यात मोलाची खूण ही. मिक्श्चरचा स्क्रू एक-दोन फेरे फिरवूनही आवाजात काहीच फरक पडत नसेल, तर स्क्रू जिथे होता तिथे आणा आणि थांबा. स्लो जेट बुजलाय किंवा हवा शिरतेय. आता कार्बोरेटर उघडून साफ करायला हवा.

गॅरेजात गेल्यावर

मैत्रिणींनो, गॅरेजात जाऊन "गाडी नीट चालत नाही" एवढंच सांगू नका. असं सांगा, "दादा, गाडी पळते, पण तापल्यावरही चोकशिवाय स्लोला थांबत नाही. कॉकची धार बघितली, ठीक आहे. वाटीतलं पाणी काढलं. फिल्टर धुतला. प्लग पांढरा आहे. स्क्रूने फरक पडत नाही." एवढं ऐकल्यावर समोरचा माणूसही तुमचं काम नीट करतो. नुसता स्क्रू पिळून परत पाठवत नाही.

तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. जेट तारेने टोकरू देऊ नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि गाडी कायमची पेट्रोल खायला लागते. हवेच्या दाबाने आणि कार्बोरेटर क्लीनरने साफ करायला सांगा. बदललेला जुना भाग मागून घ्या. आणि काम झाल्यावर पीयूसी काढून बघा. पीयूसीच्या कागदावर सीओचा आकडा असतो, आणि तो स्लोवरच मोजलेला असतो. आधीच्या कागदापेक्षा आकडा खाली आला तर प्रमाण सुधारलं, हे तुम्हालाही कळतं.

कार्बोरेटर साफ करूनही तापल्यावर गाडी बंद पडत असेल तर टॅपेट तपासायला सांगा. टॅपेट फार घट्ट झाले की गरम इंजिन स्लोला थांबत नाही.

तुमचे काही प्रश्न

रोज सकाळी चोक लागतो, मग गाडी बिघडलीये का? नाही. थंड इंजिनाला, त्यातून थंडीच्या दिवसांत, चोक लागतोच. मिनिट-दोन मिनिटांनी तो सोडून गाडी चालली पाहिजे. चोक तसाच ओढून गाव गाठायचं नाही, प्लग काळा होतो.

मायलेज वाढावं म्हणून पेट्रोल कमी करून घेऊ का? नको. पेट्रोल गरजेपेक्षा कमी झालं की इंजिन जास्त तापतं, चढावर ओढत नाही आणि स्लोला बंद पडतं. मायलेज हवं तर फिल्टर साफ, टायरमध्ये हवा बरोबर आणि ब्रेक न घासणारा, एवढं सांभाळा.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर? कॉक बंद करून वाटी रिकामी करून ठेवा. वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर ठेवतं. तोच थर स्लो जेट बुजवतो.

जुन्या स्कूटरचं काय? २०२० च्या आधीच्या बहुतेक स्कूटरलाही कार्बोरेटरच असतो. कित्येकींचा चोक आपोआप चालतो आणि कार्बोरेटर झाकणाच्या आत असतो, म्हणून उघडायचं काम गॅरेजवर सोडा. पण फिल्टर, प्लग आणि पेट्रोलची तपासणी तशीच करायची.

गटासाठी एक काम

पुढच्या बैठकीला एक जुनी गाडी अंगणात उभी करा. प्रत्येकीने कॉक, वाटीचा स्क्रू, एअर फिल्टर, प्लग आणि चोक या पाच जागा स्वतः हाताने दाखवायच्या. गटाच्या पैशातून प्लगचा पाना, दोन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, हातभर पारदर्शक नळी आणि एक जास्तीचा प्लग घेऊन ठेवा. प्रत्येक गाडीसाठी वहीचं एक पान ठेवा. फिल्टर कधी धुतला, प्लग कधी बदलला, काय तक्रार होती आणि कशाने गेली, हे तारखेसह लिहा. कर्जाच्या हप्त्याची नोंद आपण जशी चोख ठेवतो, तशीच ही ठेवायची. वर्षभरात हीच वही सांगेल, कोणती गाडी दुरुस्त करण्यासारखी आहे आणि कुठली आता विकलेली बरी.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या गाडीच्या तक्रारी गटाच्या बैठकीत लिहून आमच्याकडे पाठवा. पुढच्या भागात ब्रेक आणि चेन यांच्याविषयी बोलू. नमस्कार.